डिकीतला सीडी चेंजर बिघडलाय? आधी ऐका, मग उघडा

बाबांच्या गाडीच्या डिकीत डाव्या कोपऱ्यात सहा सीडींचा चेंजर बसवलेला आहे, २००४ पासून. गेल्या पावसाळ्यानंतर तो बिघडला, म्हणजे डिस्क आत घ्यायचा, थोडा वेळ टिकटिक करायचा आणि मग पुढे टेपवर एरर, परत दुसरी डिस्क घ्यायचा, परत तेच. दोन दुकानांत दाखवला, दोन्हीकडे न उघडताच सांगितलं की हे आता कोणी रिपेअर करत नाही, काढून टाका आणि ब्लूटूथवाला टेप बसवा. बाबांना ते नको होतं. त्यांच्या अभंगांच्या आणि नाट्यसंगीताच्या सीडीज त्याच्या मॅगझिनमध्ये, म्हणजे सीडी ठेवायच्या काढत्या पेटीत, ठरलेल्या क्रमाने आहेत, तीन नंबर दाबला की काय लागणार हे त्यांना बघावं लागत नाही, आणि त्यातल्या दोन सीडीज आता कुठेही मिळत नाहीत. म्हणून एका रविवारी मी तो घरी काढून आणला, उघडला, आणि तो चालू झाला. मग ओळखीतल्या लोकांचे अजून चार उघडले. पाचपैकी फक्त एकाला नवीन लेझर लागला, बाकी चारांना सफाई, ग्रीस आणि त्यातल्या एकाला तारांची नवीन पट्टी, एवढंच. त्यात जे कळलं ते सगळं इथे लिहितोय, म्हणजे तुमचा चेंजर भंगारात जायच्या आधी एकदा तुम्ही स्वतः बघाल.

आधी आत काय असतं ते समजून घ्या, नाहीतर उघडून नुसतं बघत बसाल. टेपची डॅशबोर्डमधली जागा १८० बाय ५० मिलिमीटरची, त्यात १२० मिलिमीटरच्या सहा डिस्क आणि त्या अदलाबदल करणारी यंत्रणा मावायची नाही, म्हणून हा डबा डिकीत किंवा सीटखाली गेला. या डब्यात खरं तर दोन मशीन आहेत. एक साधा सीडी प्लेअर, म्हणजे डिस्क फिरवणारी मोटर, लेझर, आणि लेझरला आतून बाहेर सरकवणारी रेल. आणि दुसरी एक छोटी लिफ्ट, जी या अख्ख्या प्लेअरला वर-खाली नेऊन हव्या त्या ट्रेसमोर उभी करते, मग हुकासारखा एक आकडा त्या मॅगझिनमधून ट्रे ओढतो, डिस्क मोटरच्या चकतीवर बसते, वरून क्लॅम्प दाबला जातो. बिघाड या दोन्हीपैकी कुठल्या मशीनमध्ये आहे हे ठरलं की निम्मं काम झालं, आणि ते ठरवायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही, कान लागतो.

गाडी शांत जागी उभी करा, इंजिन, पंखा, एसी सगळं बंद, कोणाला तरी पुढे टेपवर बसवा आणि तुम्ही डिकीत डोकं घालून ऐका. नीट चालणाऱ्या चेंजरचा क्रम असा: लिफ्टची घुर्र, ट्रे ओढल्याचा खट्ट, मग लेझर आतल्या टोकाला जातो त्याचा बारीक सुर्र, मग लेन्स फोकस शोधायला दोन-तीनदा वर-खाली होते त्याची अगदी हलकी टिकटिक, आणि मग डिस्क फिरल्याचा सळसळता आवाज. हा क्रम जिथे तुटतो तिथे बिघाड. लिफ्टच हलली नाही किंवा घुर्र करून परत खाली आली तर यांत्रिक भाग, म्हणजे ग्रीस, गिअर, किंवा मॅगझिन. ट्रे आत आला, टिकटिक झाली, पण डिस्क फिरलीच नाही किंवा अर्धवट फिरून थांबली, तर लेझरला डिस्क दिसत नाहीये, म्हणजे बहुतेक लेन्स घाण. डिस्क फिरते, गाणंही लागतं, पण खड्ड्यात उडतं, तर डॅम्पर, म्हणजे धक्के झेलणाऱ्या रबरी वाट्या. आणि काहीच आवाज नाही, टेपवर चेंजरचं नावच येत नाही, तर वायर. आमच्यात टिकटिक व्हायची आणि डिस्क फिरायची नाही. म्हणजे उघडायच्या आधीच मला माहीत होतं की लेन्सकडे जायचंय.

अजून एक, टेपवर जे येतं ते वाचा. नो मॅगझिन, नो डिस्क यांचा अर्थ सरळ आहे. हीट किंवा हाय टेंप असं काही येत असेल आणि मे महिन्यात दुपारी गाडी उन्हात उभी होती, तर तो बिघाडच नाही, चेंजर स्वतःला वाचवण्यासाठी थांबलाय, डिकी उघडून अर्धा तास थंड होऊ द्या. तसंच पावसाळ्यात किंवा थंडीत सकाळी पहिल्यांदा लावला आणि डिस्क वाचली नाही, तासाभराने वाचली, तर लेन्सवर दव धरतंय, तेव्हा इलाज डिकीच्या ओलीवर करायला लागेल, चेंजरवर नाही.

न उघडता करायच्या गोष्टी

या आधी करा, कारण माझ्याकडे आलेल्या एका चेंजरचा सगळा त्रास फक्त मॅगझिनमध्ये होता.

मॅगझिन काढा आणि सगळे ट्रे एकेक करून बाहेर घ्या. एका ट्रेमध्ये दोन डिस्क चिकटून बसल्या आहेत का, ट्रेचा कोपरा तुटलाय का, पत्र्याचे असतील तर वाकलेत का बघा. रिकामा ट्रे बोटाने ढकलून बघा, सहाही सारख्याच सहज सरकले पाहिजेत, एखादा अडकत असेल तर तोच लिफ्टला अडवणार. मॅगझिन आणि ट्रे कोमट पाण्यात थोडं भांडी घासायचं लिक्विड टाकून धुवा, पूर्ण वाळवा, आणि वाळवा म्हणजे रात्रभर पंख्याखाली, उन्हात नाही कारण प्लास्टिक वाकतं. डिस्क कुठल्या बाजूने ठेवायची तेही तपासा, काही कंपन्यांच्या मॅगझिनमध्ये छापील बाजू खाली करून ठेवायची असते आणि नवीन माणूस हमखास उलटी ठेवतो. मॅगझिनवर बारीक चित्र असतं, बघून घ्या.

डिस्कवर कागदी स्टिकर असेल तर ती डिस्क चेंजरमध्ये टाकूच नका. डिकीतल्या उष्णतेत स्टिकरचा कोपरा उचलला जातो आणि तो आत अडकला की ट्रे परत जात नाही.

मग एक कंपनीची छापलेली ओरिजिनल सीडी आणि एक घरी बर्न केलेली, दोन्ही लावून बघा. हे महत्त्वाचं आहे. छापलेल्या सीडीवरून लेझरचा प्रकाश भरपूर परत येतो, ७० टक्क्यांच्या वर, बर्न केलेल्या सीडी-आर वरून त्याहून थोडा कमी, आणि सीडी-आरडब्ल्यू वरून फक्त १५ ते २५ टक्के, त्यामुळे आरडब्ल्यू जुन्या चेंजरला दिसतच नाही आणि त्यात चेंजरचा दोष नाही. ओरिजिनल लागते पण सीडी-आर लागत नाही असं असेल तर लेन्स मळली आहे किंवा लेझर म्हातारा होतोय. एमपी३ भरलेली डिस्क टाकून चेंजर खराब आहे म्हणणारेही मी बघितलेत, जुने चेंजर फक्त ऑडिओ सीडी वाचतात, एमपी३ त्यांना कळत नाही.

डिस्क पुसायची तर मऊ सुती कापडाने, जुन्या धुतलेल्या साडीचा किंवा धोतराचा तुकडा सगळ्यात छान, आणि मधल्या भोकापासून बाहेरच्या कडेकडे सरळ, गोल गोल नाही. सीडीवरचा ट्रॅक गोल फिरतो, १.६ मायक्रॉन अंतराने आतून बाहेर, त्यामुळे गोल पुसताना ओरखडा आला तर तो एकाच ट्रॅकच्या बरोबर जातो आणि बराच डेटा सलग जातो, सरळ ओरखडा ट्रॅकला फक्त आडवा कापतो आणि तेवढं प्लेअर स्वतः भरून काढतो. आणि लोक चकचकीत बाजू जपतात आणि छापील बाजू टेबलावर घासतात, हे उलट आहे, डेटाचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, त्याच्यावर फक्त लाखेचा पातळ थर, तर चकचकीत बाजूला जवळजवळ १.२ मिलिमीटर जाड प्लास्टिकचं संरक्षण आहे. छापील बाजूला खोल ओरखडा गेला तर ती सीडी गेली.

डिकीतून काढताना

टेपला सिक्युरिटी कोड असेल तर तो आधी शोधून ठेवा, बॅटरी किंवा टेपचा फ्यूज काढल्यावर टेप कोड मागू शकतो आणि कोड नसेल तर नवीनच डोकेदुखी. मी बॅटरी काढत नाही, चाव्या काढून टेप-चेंजरचा फ्यूज काढतो. मॅगझिन आधी बाहेर घ्यायचं, नंतर वीज तोडायची, कारण मॅगझिन बाहेर ढकलायलाही वीज लागते.

चेंजरच्या बाजूला ब्रॅकेटचे स्क्रू असतात, ते काढायच्या आधी मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो घ्या. दोन्ही बाजूंना छोट्या चकत्या किंवा खाचा दिसतील, त्यावर एच (आडवा), व्ही (उभा) किंवा अंश लिहिलेले असतात. त्या आतल्या स्प्रिंगांच्या सेटिंगच्या आहेत, चेंजर आडवा ठेवलाय, उभा ठेवलाय की तिरका त्याप्रमाणे स्प्रिंगचं टोक वेगळ्या जागी अडकवायचं असतं. बाबांच्या चेंजरमध्ये हेच चुकलेलं होतं, बसवणाऱ्याने उभा बसवला आणि स्प्रिंगा आडव्याच्या जागी ठेवल्या, त्यामुळे आतला प्लेअर इतकी वर्षं एका बाजूला लोंबकळत होता आणि स्पीडब्रेकरवर गाणं उडायचं. आम्ही सगळे समजायचो की सीडी चेंजर असाच असतो. दोन्ही बाजूंची सेटिंग सारखीच हवी, एक उभ्याची एक आडव्याची असं नको. खूप लांब न्यायचा असेल आणि सोबतचे ट्रान्सपोर्ट स्क्रू, म्हणजे प्रवासात आतला प्लेअर हलू नये म्हणून लावायचे स्क्रू, जपून ठेवलेले असतील, तर ते लावा, नसतील तर मांडीवर घेऊन जा.

केबलचा गोल कनेक्टर सरळ ओढायचा, पिरगाळायचा नाही, आतल्या पिना केसासारख्या वाकतात.

उघडल्यावर

जेवणाचं टेबल, त्यावर पांढरा जाड टॉवेल, चांगला उजेड. स्क्रू ठेवायला मी अप्पेपात्र घेतो, प्रत्येक खळग्यात एका टप्प्याचे स्क्रू, घड्याळाच्या दिशेने, परत लावताना उलट्या दिशेने. स्क्रू दिसायला सारखे पण लांबीला वेगळे असतात, आणि लांब स्क्रू चुकीच्या जागी गेला तर तो थेट गिअरला जाऊन टेकतो. चांगला मॅग्नेटिक टोकाचा बारीक फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर घ्या, टोक झिजलेलं असेल तर स्क्रूचं डोकं खराब होतं आणि मग तो निघतच नाही. हात लावण्याआधी नळाला किंवा एखाद्या मोठ्या लोखंडी वस्तूला हात लावा, लेझर डायोडला अंगातल्या स्टॅटिकची भीती असते, थंडीत कोरड्या हवेत जास्त, टेरिकॉटचा शर्ट घालून बसू नका.

आणि हे मनापासून सांगतो, झाकण उघडं ठेवून वीज देऊन लेन्समध्ये सरळ वरून बघायचं नाही. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, इन्फ्रारेड, डोळ्याला फारसा दिसत नाही पण असतो, मंद लाल ठिपका दिसतो म्हणून तो मंद आहे असं नाही. बघायचंच असेल तर मोबाइलचा कॅमेरा बाजूने तिरका धरून त्याच्या स्क्रीनवर बघा, लेन्सवर फिकट जांभळा उजेड दिसतो. पोरं आजूबाजूला असतील तर हे करूच नका.

वरचं झाकण निघालं की आधी धूळ. कॅमेऱ्याचा रबरी फुगा किंवा मऊ रंगाचा ब्रश. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचा कण लेन्सवर बसतो, आणि पंक्चरवाल्याकडच्या कॉम्प्रेसरची हवा तर अजिबात नको, त्यात पाणी आणि तेल दोन्ही असतं. डिकीतली धूळ म्हणजे कार्पेटचे तंतू असतात जास्त करून, ते गिअरमध्ये गुंडाळले जातात, चिमट्याने ओढून काढा.

आता लेन्स. गोल, साबुदाण्याएवढी, निळसर झाक असलेली, हीच ती जिच्यामुळे बरेच चेंजर भंगारात जातात. ही लेन्स घट्ट बसवलेली नाही, अतिशय बारीक तारांवर तरंगत असते, कारण फोकस करायला तिला सतत वर-खाली आणि आडवं हलावं लागतं, म्हणून दाब शून्य. आयसोप्रोपिल अल्कोहोल, आयपीए म्हणून इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, ९९ टक्क्यांचंच घ्या, मी पुण्यात तापकीर गल्लीतून घेतलं, मुंबईवाल्यांना लॅमिंग्टन रोडला मिळेल. कापसाचा इअरबड त्यात बुडवा, पिळून काढा म्हणजे थेंब पडणार नाही, आणि बडच्या स्वतःच्या वजनानेच लेन्सवर एक-दोन गोल फेऱ्या. दुसऱ्या कोरड्या बडने एक फेरी. झालं. बडवर करडा डाग दिसला की समजा तुमचं निदान बरोबर होतं. काच पुसायचं लिक्विड, सेंट, डेटॉल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही वापरू नका, लेन्स प्लास्टिकची असते, थिनरने आणि रिमूव्हरने ती कायमची दुधाळ होते.

लेन्स वरून स्वच्छ झाली पण टॉर्चच्या उजेडात आत पांढुरकं दिसत असेल तर घाण खालच्या आरशावर आहे. कोकणातल्या गाड्यांत हे जास्त होतं, बुरशी धरते. एका मित्राच्या चिपळूणच्या गाडीतल्या चेंजरचा हाच प्रकार होता, तिथे पुसायचा प्रयत्न करून मी वेळ घालवला, शेवटी पिकअप, म्हणजे लेझर आणि लेन्सचा अख्खा भाग, बदलावाच लागला.

आणि पिकअपच्या बाजूला एक इवलासा स्क्रूसारखा गोल भाग दिसेल, त्याला पॉट म्हणतात, लेझरची ताकद त्याने ठरते. इंटरनेटवर लोक सांगतात की तो थोडा फिरवा, डिस्क वाचायला लागेल. वाचायला लागतेही, महिनाभर, आणि मग लेझर जळतो. मीटर आणि सर्व्हिस मॅन्युअल असल्याशिवाय त्याला हात लावू नका. हे मी या सगळ्या लेखात सगळ्यात जोर देऊन सांगतोय.

ग्रीस आणि लिफ्ट

वीस वर्षांत ग्रीसचं काय होतं हे बघायचं असेल तर जुन्या चेंजरची रेल बघा, वाळलेल्या डिंकासारखं पिवळं झालेलं असतं, आणि लेझरला त्यातून सरकायचं असतं, तेही केसाच्या जाडीपेक्षा कितीतरी बारीक पावलांनी. शेवटची गाणी अडकतात, पहिली नीट वाजतात, असं असेल तर रेलच. सीडी आतून बाहेर वाचली जाते, म्हणजे पहिलं गाणं मध्यापाशी आणि शेवटचं कडेला, जिथे रेल क्वचितच वापरली जाते तिथलं ग्रीस जास्त घट्ट झालेलं असतं.

जुनं ग्रीस आयपीए आणि बडने पूर्ण काढा, गिअरच्या दातांमधलंही, टूथपिकने. अर्धवट काढून वरून नवीन लावलं तर दोन्ही मिळून चिखल होतो. नवीन म्हणजे प्लास्टिकला चालणारं सिलिकॉन ग्रीस किंवा पांढरं लिथियम ग्रीस, आणि किती, तर मोहरीएवढं. रेलवर टूथपिकने पातळ पसरवा, गिअरला दोन-तीन दातांवर लावा, फिरल्यावर आपोआप पसरतं. खोबरेल तेल थंडीत गोठतं, शिलाई मशीनचं तेल वाहून लेन्सवर जातं, चाकाच्या बेअरिंगचं ग्रीस फारच घट्ट, स्प्रे तर सगळीकडेच उडतो, हे चारही प्रकार मी लोकांनी वापरलेले बघितलेत आणि नंतर ते पुसत बसलोय.

गिअर बघताना मोटरच्या दांड्यावरचा सगळ्यात छोटा गिअर विशेष बघा. प्लास्टिक आकसतं, दांडा लोखंडाचा, त्यामुळे त्याला उभी चीर पडते, आणि चीर पडली की दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि दर फेरीला एकदा टक्क होतं. ठरावीक तालात टक्क टक्क ऐकू येत असेल तर हाच. चिकटवून उपयोग नाही, खराब चेंजरमधला किंवा त्याच मापाचा दात मोजून आणलेला गिअर बसवावा लागतो, दात आणि दांड्याचा व्यास दोन्ही जुळायला हवेत.

मॅगझिन आत अडकलं असेल तर ओढू नका. आकड्याने ट्रे अर्धवट बाहेर धरलेला असतो, ओढलं की आकडा तुटतो आणि तो पार्ट कुठेच मिळत नाही. झाकण उघडून लोडिंग मोटरचा गिअर बोटाने हळूहळू फिरवा. गिअर वर्मचा असेल, म्हणजे स्क्रूसारखा, तर बाकीचे गिअर फिरवून काहीच हलणार नाही, वर्मच फिरवायला लागतो, बऱ्याच फेऱ्या लागतात, दहा मिनिटं जातात, जाऊ द्या. ट्रे पूर्ण मॅगझिनमध्ये गेला की मग मॅगझिन सुटतं.

आता एक असा बिघाड जो मला दुसऱ्या चेंजरला पूर्ण दोन रविवार पुरला. एक ते तीन नंबरच्या डिस्क व्यवस्थित, चार ते सहा नाही. डिस्क बदलून पाहिल्या, मॅगझिन बदललं, लेन्स पुसली, तेच. शेवटी लक्षात आलं की लिफ्ट वर गेली की प्लेअरला जोडणारी चपटी पट्टी, रिबन केबल, एका ठिकाणी दुमडते, आणि वीस वर्षं दुमडून तिथली एक तार आत तुटलेली होती, खाली असताना टोकं टेकायची, वर गेली की सुटायची. मल्टिमीटर कंटिन्युइटीवर, म्हणजे तार अखंड आहे का ते दाखवणाऱ्या सेटिंगवर, ठेवून पट्टी वाकवत बघितलं की लगेच कळतं. तेवढ्याच तारांची, तेवढ्याच अंतराची आणि लांबीची पट्टी बाजारात मिळते, जुनी सोबत घेऊन जा. काढताना कनेक्टरचं छोटं कुलूप आधी उचला, काहींना कुलूप नसतं, ती सरळ ओढायची, आणि बसवताना चकचकीत बाजू कुठे होती ते फोटोत बघा.

लिफ्ट कुठल्या मजल्यावर आहे हे कळायला बहुतेक चेंजरमध्ये प्रकाशाचा सेन्सर किंवा सरकता पॉट (लेझरचा नव्हे, जागा मोजणारा) असतो. सेन्सरच्या फटीत धूळ बसली की लिफ्ट चुकीच्या जागी थांबते, ट्रे दोन मजल्यांच्या मध्ये अडकतो. ब्रशने फट साफ करा, बास.

डॅम्पर म्हणजे प्लेअरच्या चार कोपऱ्यांत रबराच्या छोट्या वाट्या असतात, आत सिलिकॉन तेल. रबर फाटलं की तेल खाली सांडलेलं दिसतं, चिकट पारदर्शक. ते सगळं पुसा. तसाच डॅम्पर मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तर फाटलेला न काढता स्प्रिंगा नीट बसवा आणि चेंजरखाली डिकीत जाड फोमची पट्टी द्या. पूर्ण इलाज नाही हा, पण शहरातल्या रस्त्यांवर बराच फरक पडतो.

लेझर बदलायची वेळ आली तर पिकअपवर छापलेला नंबर बघून तोच मागवा. नवीन पिकअपवर सोल्डरचा एक ठिपका दोन टोकांना जोडून ठेवलेला असतो, स्टॅटिकपासून वाचवायला, पट्टी जोडून झाल्यावर तो ठिपका काढायचा असतो. काढला नाही तर लेझर पेटत नाही, आणि लोक नवीन पिकअप खराब निघाला म्हणून परत पाठवतात.

वायरचा बिघाड

चेंजर टेपला दिसतच नसेल तर उघडू नका. आधी फ्यूज, मग अर्थिंगचा स्क्रू, तो डिकीच्या पत्र्यावर गंजलेला असतो, काढून पत्रा खरवडून परत घट्ट लावा. इंजिनचा वेग वाढवला की स्पीकरमधून शिट्टीसारखा आवाज वाढतो, तर तेही अर्थिंगच. मग केबल, पुढून मागे पूर्ण कार्पेटखालून गेलेली असते, सीटच्या रुळाखाली चेपलेली किंवा उंदराने कुरतडलेली असू शकते, दोन्ही मी बघितलंय. जुना दुसरा चेंजर विकत आणून लावायचा विचार असेल तर टेपच्याच कंपनीचा आणि त्याच बसचा, म्हणजे टेप-चेंजर जोडणीच्या त्याच पद्धतीचा घ्या, पायोनियरची आयपी-बस, सोनीची युनिलिंक, अल्पाइनची एआय-नेट, ही एकमेकांशी बोलत नाहीत, प्लग बसला तरी नाही.

परत बसवून टेस्ट

झाकण लावायच्या आधी सगळे ट्रान्सपोर्ट स्क्रू काढलेत ना बघा. डिकीत फिक्स न करता नुसती केबल जोडून, खाली जाडसर चादर घालून, एकच ओरिजिनल सीडी लावा. पहिलं गाणं, मग शेवटचं, मग मधलं. मग तीच सीडी सहाही जागांवर. मग सीडी-आर. हे सगळं झालं की ब्रॅकेट लावा, स्प्रिंगांची सेटिंग बघून, आणि गाडी नेहमीच्या रस्त्यावर न्या. आम्ही आमच्या गल्लीतल्या तीन स्पीडब्रेकरवरून गेलो, बाबांनी तीन नंबर दाबला, गाणं एकदाही उडलं नाही, ते परत वळून त्याच स्पीडब्रेकरवरून आले.

डिकीच्या रबराची फट बंद करून घ्या, पाणी तिथूनच येतं. चेंजरशेजारी सिलिका जेलच्या चार पुड्या ठेवा, निळ्या रंगाच्या असतील तर गुलाबी झाल्या की बदला, जूनमध्ये तर नक्की. आणि महिन्यातून एकदा सहाही नंबर लावा, नुसती आवडती सीडी नाही, म्हणजे लिफ्ट वरपासून खालपर्यंत फिरते आणि ग्रीस एका जागी बसत नाही.